वितळत्या जमिनीतलं उत्खनन : आधी डबे, मग खुरपी

अलास्का किंवा ग्रीनलंडमधल्या उन्हाळी उत्खननाला जाणारा आपल्याकडचा विद्यार्थी तिथे बहुतेक वेळा चांगल्या सवयींमुळेच चुकतो. हिवाळ्यात कोरड्या मातीत चर घ्यायचा, खापरं धुवायची, अंगणात उन्हाला पसरायची, वाळली की शाईने नंबर घालायचे. ही शिस्त हातात इतकी मुरलेली असते की चारशे वर्षांपूर्वीचा लाकडी चमचा निघाला तरी तोही आपसूक उन्हात ठेवला जातो. खापराला ऊन मानवतं. चमचा मात्र काही तासांत चिरतो, पिळवटतो, आणि मग तो कुणालाच सरळ करता येत नाही.

गोठलेल्या जमिनीतला कामाचा क्रम आपल्या क्रमाच्या जवळजवळ उलटा आहे. वस्तू ठेवायची सोय आधी, जमीन उघडणं सगळ्यात शेवटी. खालचे टप्पे त्या क्रमाने दिलेत. उदाहरणं मुख्यतः नुनालेकची आहेत. अलास्कात बेरिंग समुद्राच्या काठी, क्विनहागाक या यूपिक मूलनिवासींच्या गावाजवळ हे ठिकाण आहे. तिथे २००९ पासून गावाची स्वतःची कंपनी आणि स्कॉटलंडमधलं अ‍ॅबर्डीन विद्यापीठ मिळून खणत आले आणि एक लाखाहून जास्त वस्तू निघाल्या.

## १. खणायचं की नाही, हे आधी ठरवा

आर्क्टिकमध्ये नोंद झालेली पुरातत्त्वीय ठिकाणं किमान १,८०,००० आहेत. सगळी खणणं कुणाच्याच आवाक्यातलं नाही. शिवाय चर घेणं म्हणजे गोठलेला थर आपल्याच हाताने उघडा पाडणं. त्यामुळे ‘हवामान बदलतंय, धोका आहे’ एवढ्यावर खणायला घेऊ नका. धोका नेमका कोणता, ते बघा.

पर्माफ्रॉस्ट म्हणजे सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ शून्याखाली राहिलेली जमीन. तिचा वरचा थर दर उन्हाळ्यात सुटतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. त्याखाली थंडी असते, हवा पोचत नाही, पाणी हलत नाही. म्हणून गवताची दोरी, केस, कातडं, पिसं असलं काहीही टिकून राहतं. आता हा सुटणारा थर दरवर्षी खोल चाललाय. पण नुसत्या वितळण्याने वस्तू लगेच कुजत नाहीत. वितळलेलं पाणी निघून गेलं आणि त्या जागी हवा शिरली, की बुरशी आणि जिवाणू कामाला लागतात. जमीन वितळूनही पाण्याने भरलेली राहिली तर बराच वेळ मिळतो. म्हणून पाहणीत तापमानाइतकंच पाण्याच्या निचऱ्याकडे लक्ष द्या.

पश्चिम ग्रीनलंडमध्ये इलुलिस्सातच्या हिमखाडीत कायाआ नावाचं ठिकाण आहे. तिथे सुमारे चार हजार वर्षांपासूनच्या वस्त्यांचा जाडजूड उकिरडा गोठून पडलाय. त्यावरच्या अभ्यासातून एक अवघड गोष्ट कळली: सेंद्रिय पदार्थ कुजायला लागले की जिवाणूंमुळे उष्णता तयार होते आणि ती उष्णता खालचा बर्फ आणखी वितळवते. शेणखताच्या खड्ड्यात हात घातलेल्याला हे वेगळं सांगायला नको. ग्रीनलंडची राजधानी नूक, तिच्या आसपासच्या ठिकाणांविषयी २०१९ साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की पुढच्या ऐंशी वर्षांत तिथल्या पुरातत्त्वीय सेंद्रिय कर्बापैकी ३० ते ७० टक्के नाहीसा होऊ शकतो.

किनाऱ्यावरच्या ठिकाणांचं घड्याळ याहून पुष्कळ वेगाने पळतं. समुद्रावरचा बर्फ उशिरा धरतो, शरदातली वादळं उघड्या पाण्यावरून येतात आणि मऊ झालेला कडा लाटा कापून नेतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये हालोंग वादळाचे अवशेष क्विनहागाकच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा एका फटक्यात किनारा कित्येक मीटर मागे सरला. गावकरी पुळणीवर विखुरलेल्या लाकडी वस्तू वेचत फिरत होते.

माझ्या मते प्राधान्य असं लावावं: ज्याला लाटा लागताहेत ते आधी. निचरा होऊन कोरडं पडू लागलंय ते त्यानंतर. ज्यावर झुडपं चढताहेत ते तिसरं, कारण विलोची खुरटी झुडपं आणि हॉर्सटेलसारख्या वनस्पतींची मुळं थेट जुन्या हाडालाकडांत शिरतात. जे ओलं, थंड आणि शांत पडून आहे, ते खणू नका. त्यावर नुसती नजर ठेवा.

तपासा: ठिकाण हातचं चाललंय याचा पुरावा आहे का? दोन वेगळ्या वर्षांचे, एकाच जागेवरून काढलेले फोटो तरी हवेत.

## २. परवानगी, आणि गावाचा शब्द

कायदे देशागणिक बदलतात. नॉर्वेत १५३७ पूर्वीचे अवशेष आपोआप संरक्षित असतात. नॉर्वेच्याच स्वालबार्ड द्वीपसमूहात १९४६ पूर्वीचं काहीही, अगदी खाणकामगाराने टाकलेला डबासुद्धा, हलवता येत नाही. ग्रीनलंडमध्ये नूकच्या राष्ट्रीय संग्रहालयाशी बोलल्याशिवाय पान हलत नाही. अमेरिकेत जमीन कुणाची आहे यावर सगळं ठरतं आणि मूलनिवासींच्या अस्थी व दफनवस्तूंसाठी १९९० चा वेगळा कायदा आहे.

विद्यार्थी कागदपत्रांत क्वचितच चुकतात. ते चुकतात गावाला गृहीत धरण्यात. क्विनहागाकमध्ये खणावं की नाही यावर आधी गावातल्या वडीलधाऱ्यांमध्ये चर्चा झाली, आणि वस्तू समुद्रात जाण्यापेक्षा बाहेर काढलेल्या बऱ्या, असं ठरल्यावरच काम सुरू झालं. वस्तू टिकवण्याच्या प्रक्रियेसाठी स्कॉटलंडला गेल्या, पण परत आल्या. २०१८ साली गावातच संग्रहालय उघडलं आणि आता त्या तिथे आहेत. खणण्याआधी ‘वस्तू शेवटी कुठे राहणार’ याचं लेखी उत्तर हातात हवं. ‘बघू पुढे’ हे उत्तर नव्हे.

## ३. ठेवायची सोय : इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाया

मोहिमेच्या सामानात खणायची हत्यारं सगळ्यात कमी जागा घेतात. खरी जागा लागते ती यांना:

- घट्ट झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे, लहानमोठ्या मापांचे, अपेक्षेपेक्षा भरपूर जास्त
- झिपच्या जाड पिशव्या आणि प्लॅस्टिकच्या कापडाचे मोठे तुकडे
- वस्तूखाली सरकवायला पातळ, ताठ पत्रे (अ‍ॅल्युमिनियम किंवा प्लॅस्टिकचे)
- आधाराला पॉलिथीनचा फोम. कापूस नको, तंतू चिकटतात आणि निघत नाहीत
- हाताने मारायचे पाण्याचे फवारे
- न भिजणारी, न फाटणारी टायव्हेकची लेबलं आणि साध्या पेन्सिली
- उजेड न शिरणाऱ्या ताडपत्र्या

पिना, तारेच्या क्लिपा, रबरबँड घरीच ठेवा. लोखंड गंजून ओल्या लाकडावर डाग पाडतं, रबर सडतं.

थंड, अंधारी जागा लागतेच. साधारण चार अंश तापमानाचा फ्रिज मिळाला तर उत्तम. पूर्वी आर्क्टिकमधली गावं जमिनीत खोल खणलेल्या बर्फाच्या तळघरांत मांस ठेवत आणि उत्खननवाल्यांनाही ती सोय होई. आता उत्तर अलास्कातल्या उत्कियाग्विकसारख्या ठिकाणी त्या तळघरांतच पाणी साचतंय. तेव्हा त्या भरवशावर जाऊ नका. जनरेटर आणि फ्रिजची व्यवस्था आधीच विचारून घ्या.

या टप्प्यावर प्रयोगशाळेशी बोलणं झालेलं हवं. ओलं लाकूड टिकवायचं तर त्यात महिनोन्‌महिने पॉलिएथिलीन ग्लायकॉल मुरवावं लागतं आणि मग बहुधा शून्याखाली गोठवून, निर्वातात वाळवावं लागतं. हे काम करणारी जागा कुठली, तिची क्षमता किती, पैसे कोण देणार? हे ठरलं नसेल तर तुम्ही फक्त सडण्याची जागा बदलताय.

सावध: जेवढं ओलं आणि थंड ठेवता येईल तेवढंच बाहेर काढायचं. चराचं क्षेत्रफळ डब्यांवरून ठरवा. उलट करू नका.

## ४. मोजमापं, चर घेण्याआधीच

पोलादी सळई जमिनीत दाबत जा. जिथे ती ठक्क थांबते तिथे गोठलेला थर सुरू. ठिकाणभर जाळं आखून हे माप घ्या. दगडावर आदळली तर आवाज कडक येतो, बर्फाळ मातीवर बोदा. थोड्या सरावाने कानाला फरक कळतो. शंका आली की वीतभर बाजूला पुन्हा दाबा.

तापमान आणि ओलावा नोंदवणारी यंत्रं जमिनीत निदान तीन वेगवेगळ्या खोलीला बसवा आणि शक्य असेल तर वर्षभर तशीच राहू द्या. एका उन्हाळ्याच्या आकड्यांवरून काहीही ठरवू नये.

आता एक चूक, जी अनुभवी सर्वेक्षकही करतात. आपल्याकडे मोजणीचा खुंटा ठोकला की तो वर्षानुवर्षं जागेवर राहतो. इथे वरचा थर गोठताना फुगतो आणि उथळ खुंट्याला दर हिवाळ्यात थोडा थोडा वर ढकलतो. पुढच्या वर्षी तुमची सगळी खोली चुकलेली असते आणि ते लक्षातही येत नाही. संदर्भबिंदू पक्क्या खडकावर घ्या. खडक नसेल तर सळई गोठलेल्या थरात खोलवर जाऊ द्या.

कड्याची झीज मोजायला कड्यापासून आत, ओळीने खुणा ठेवा आणि दर हंगामात अंतर मोजा. त्यासोबत सगळ्या बाजूंनी एकमेकांवर चढणारे फोटो घ्या, म्हणजे नंतर त्रिमितीय नकाशा करता येतो.

तपासा: खोलीची सगळी मापं एकाच पक्क्या बिंदूपासून घेतलीत ना? नसतील तर आत्ताच दुरुस्त करा. चर घेतल्यावर उशीर झालेला असतो.

## ५. जमीन उघडणं

वरचं गवत-शेवाळ चौकोनी तुकड्यांत, मुळांसकट काढा. उलटं टाकू नका, ढीग करू नका. सावलीत ओळीने मांडून ओलं ठेवा, कारण शेवटी तेच परत लावायचं आहे. हे गवत जमिनीचं पांघरूण असतं. ते गेलं की काळी माती ऊन ओढते आणि वितळणं झपाट्याने वाढतं.

मग वाट बघायची. गोठलेल्या थरावर कुदळ चालवायची नाही. ऊन आणि वारा जेवढा थर सैल करतील तेवढाच खुरपीने काढायचा. चांगल्या दिवशीही काही सेंटिमीटरच मिळतात. त्यामुळे एकाच चौकोनावर ठाण मांडून बसू नका. पहिल्यात सुटलेला थर काढा, दुसऱ्याकडे जा, तिसरा झाला की पहिला पुन्हा सुटलेला असतो. नुनालेकसारख्या ठिकाणी जो हळू आणि फिरत काम करतो त्याच्या हाती जास्त लागतं. जोर लावणाऱ्याच्या हाती तुकडे येतात.

घाईचं टोक बघायचं तर १९९१ चं उदाहरण आहे. आल्प्समध्ये बर्फात अडकलेलं एक प्रेत अलीकडच्या गिर्यारोहकाचं समजून हवेच्या दाबावरच्या यांत्रिक छिन्नीने सोडवायला घेतलं आणि कमरेची बाजू फोडली. तो पाच हजार वर्षांपूर्वीचा माणूस होता, आज जग ज्याला ओट्झी म्हणून ओळखतं.

गरम पाण्याविषयी हमखास विचारणा होते. अल्ताई पर्वतातल्या, पाझिरिक संस्कृतीच्या गोठलेल्या कबरी तशा उघडल्या गेल्या; १९९३ साली उकोक पठारावर नतालिया पोलोस्माक यांच्या तुकडीनेही कबरीतला बर्फ गरम पाण्याने वितळवला. पण तिथे लाकडी पेटीत पाणी झिरपून झालेला जवळजवळ नितळ बर्फाचा ठोकळा होता. वस्तीच्या थरात माती, गवत, केस, माश्यांचे काटे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. त्यावर गरम पाणी ओतलंत तर थर वाहून जातो आणि लहान वस्तूंची जागा कायमची हरवते. थंड पाण्याचा हलका फवारा चालेल, त्यापुढे नको.

वितळलेलं पाणी चरात साचणारच. एका कोपऱ्यात, आधीच खणून झालेल्या जागी, लहान खड्डा करून ते तिकडे वळवा आणि उपसा. उपसलेलं पाणी चाळणीतूनच जाऊ द्या.

सावध: जेवायला जाताना चर उघडा ठेवू नका. तासाभराच्या वाऱ्यानेही लाकडाचा वरचा पापुद्रा उडतो. ओलं कापड, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर ताडपत्री.

## ६. वस्तू उचलणं

लाकूड फसवं असतं. बाहेरून कालच तासल्यासारखं दिसतं, चाकूच्या खुणा दिसतात, क्वचित रंगही. पण आतल्या पेशींच्या भिंती झिजलेल्या असतात आणि त्यांना पाण्याने तोलून धरलेलं असतं. पाणी उडून जाताना त्या भिंती आत ओढल्या जातात आणि कोसळतात. म्हणूनच वाळवणं नको, अगदी ‘सावलीत थोडंसं’सुद्धा नको.

एखाद्या मुखवट्याची कड दिसली समजा. ती धरून ओढू नका. उरलेला भाग बर्फाने धरून ठेवलेला असतो आणि मुखवटा नेमका त्या सीमेवर मोडतो. कडेची माती लाकडी किंवा बांबूच्या काडीने सोडवा, पोलादी टोक लाकडाला लावू नका. दिसणारा भाग ओल्या फोमने झाका आणि दुसऱ्या कामाला लागा. बर्फाने स्वतःहून सोडेपर्यंत एक दिवस गेला तरी जाऊ द्या. सुटला की खालून पत्रा सरकवा आणि पत्र्यासकट उचला. हातावर पेलू नका. डब्यात फोमवर ठेवा, थंड स्वच्छ पाणी घाला, झाकण लावा, अंधारात ठेवा.

गवताच्या टोपल्या, चटया, दोऱ्या जागेवर सोडवायच्याच नाहीत. भोवतालच्या मातीसकट ठोकळा कापून न्या आणि प्रयोगशाळेत सावकाश उलगडू द्या. कातड्याची घडी उघडू नका, आत काय असेल ही उत्सुकता आवरा. केसाळ कातडं वितळलं की केस मुळासकट सुटून येतात, म्हणून त्याला फवाराही जपून.

वॉलरसचा सुळा दगडासारखा वाटतो, पण उन्हात पापुद्र्यापापुद्र्याने उकलतो. तो ओलाच पॅक करा. आणि खापरं! इथली खापरं कमी आचेवर भाजलेली, जाड आणि ठिसूळ असतात. ती धुतलीत तर बादलीत चिखल उरेल.

पुन्हा गोठवण्याबद्दल: वस्तू बर्फाच्या गोळ्यातच निघाली आणि ती प्रयोगशाळेपर्यंत सलग गोठलेली नेता येत असेल तर तशीच न्या. एकदा वितळली की घरगुती फ्रीझरमध्ये परत टाकू नका. सावकाश गोठताना बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि ते आतून फाडतात.

तपासा: प्रत्येक डब्यात एक लेबल आत, एक बाहेर. दोन्ही पेन्सिलीने. वस्तूवर काहीही लिहायचं नाही.

## ७. नमुने : जे कचरा वाटतं तेच

नुनालेकला घरांच्या जमिनीवर कापलेले केस सापडले. केसांवरून त्या लोकांच्या खाण्याचा अभ्यास झाला. मातीतल्या उवांचा आणि किड्यांचाही. हे सगळं चाळणीवर पाण्याचा जोरदार पाइप मारला की निघून जातं. म्हणून प्रत्येक थरातली काही माती न चाळता, न धुता, तशीच पिशवीत भरून थंड ठेवा.

कर्बकालमापनाचे नमुने अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये, मग पिशवीत. त्यांना कागद, कापूस, बुरशीनाशक यांचा स्पर्श नको. ग्लायकॉलच्या डब्यात लाकूड जाण्याआधीच त्याचा नमुना काढून घ्या. डीएनएसाठीचे नमुने नवे हातमोजे घालून, सगळ्यात आधी, चर बघायला दहा जण वाकण्यापूर्वी.

## ८. थांबायचं कुठे

मानवी अवशेष दिसले की काम तिथेच थांबतं. झाका, प्रमुखाला सांगा, गावाला आणि अधिकाऱ्यांना कळवा. फोटो कुणालाही पाठवायचा नाही, समाजमाध्यमावर तर नाहीच. पुढे काय करायचं हे ठरवणारे तुम्ही नाही.

मांस-कातड्यासह जनावराचं मढं निघालं तरी थांबा. २०१६ साली सायबेरियातल्या यमाल भागात उन्हाळा विलक्षण तापला आणि अँथ्रॅक्सची साथ आली. वितळलेल्या जमिनीतून तो रोग वर आल्याचं मानलं जातं. हजारोंनी रेनडिअर मेले, एक बारा वर्षांचा मुलगा दगावला. असे प्रसंग विरळा आहेत, पण उघड्या हाताने चाचपू नका आणि जवळ बसून खाऊ नका.

## ९. चर बुजवणं

हंगाम संपत आला की सगळ्यांना अजून एक थर काढायचा मोह होतो. तो आवरा, कारण उघडा राहिलेला चर खणणारे घरी गेल्यावरही वितळत राहतो. त्यात पाणी साचतं, पाणी उष्णता धरतं, भिंती ढासळतात आणि शेजारचा न खणलेला भागही सुटू लागतो.

शेवटचे काही दिवस फक्त बुजवण्यासाठी राखून ठेवा. तळाशी आणि भिंतींना जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं कृत्रिम कापड) लावा, म्हणजे पुढच्या वेळी कुठवर खणलं होतं ते कळेल. त्यावर तीच माती, दाबून. वर राखून ठेवलेलं गवत, फटी न ठेवता.

तपासा: बुजवलेला भाग आसपासच्या जमिनीपेक्षा किंचित उंच आहे ना? खोलगट राहिला तर पाणी तिथेच येणार.

## ट्रेकला जाणाऱ्यांसाठी वेगळं

नॉर्वेच्या इनलांडेट भागात उंचावरच्या बर्फाच्या पट्ट्यांतून बाण, स्की, कपडे, घोड्यांचे नाल बाहेर येताहेत. त्याच भागातल्या लेंडब्रेनला २०११ साली लोहयुगातला लोकरी अंगरखा मिळाला. तिथे सगळ्यात जास्त सापडणाऱ्या वस्तूंपैकी एक म्हणजे रेनडिअरना बिचकवून वळवण्यासाठी रोवलेल्या काठ्या, आणि त्या दिसतात साध्या काटकीसारख्या. झाडांच्या पट्ट्याच्या कितीतरी वर, उघड्या बर्फाकाठी काटकी आली कुठून, हा प्रश्न स्वतःला विचारा.

उत्तराखंडातल्या रूपकुंड तलावाला, जिथे माणसांच्या अस्थी पडल्यात, पुण्यामुंबईचे पुष्कळ ट्रेकर जाऊन आलेत. तिथल्या ३८ जणांच्या अस्थींचा डीएनए अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला आणि निघालं असं, की हे सगळे एका वेळी मेलेले नाहीत. दोन मुख्य गटांत सुमारे हजार वर्षांचं अंतर आहे. कोण कुठे, कुणाशेजारी पडलं होतं हे आता सांगता येत नाही, कारण फोटोसाठी हाडांचे ढीग रचले गेले आणि काही पिशव्यांतून खाली गेली.

अशा ठिकाणी तुमचं काम एवढंच: हात न लावता फोटो घ्या, एक जवळून आणि एक मागचा डोंगर दिसेल असा. मापासाठी शेजारी पेन किंवा काठी ठेवा. मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवा. नॉर्वेत असाल तर फिल्के (म्हणजे प्रांत) प्रशासनाच्या पुरातत्त्व विभागाला कळवा, भारतात पुरातत्त्व सर्वेक्षणाला किंवा जवळच्या वनचौकीला. वस्तू पाण्याच्या धारेत वाहून चालली असेल तरच उचला. ओल्या शेवाळात आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा, सॅकच्या वरच्या कप्प्यात सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी सुपूर्द करा.